मे महिन्यात गाडीने कोकणात: आधी माणगावची वेळ ठरवा

मुंबईहून किंवा पुण्याहून समुद्रावर जाताना ज्या रस्त्यावर तीन-चार तास वाया जातात, तो सगळा मिळून दहा-पंधरा किलोमीटरचाच असतो. बाकीचा रस्ता बहुतेक वेळा चालता असतो. गर्दी तुंबते ती ठरावीक तोंडांवर. मुंबईकरांसाठी वडखळ, कोलाड, इंदापूर, माणगाव. पुणेकरांसाठी भूगाव-पिरंगुट, नाहीतर साताऱ्याच्या वाटेवर खंबाटकी. आणि तिथेही ती चोवीस तास नसते. म्हणून "घरातून किती वाजता निघायचं?" असं विचारण्याआधी "माणगावात किती वाजता असायचं?" हे ठरवा आणि तिथून उलटं मोजत घरापर्यंत या.

माणगावचंच का, ते आधी बघू. मुंबई-गोवा महामार्ग, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ६६, बऱ्याच ठिकाणी चौपदरी झालाय. पण इंदापूर आणि माणगाव या दोन्ही बायपासची कामं वर्षानुवर्षं रखडली. ते बायपास पूर्ण खुले झाल्याची खात्री होत नाही, तोवर महामार्गाची सगळी वाहतूक बाजारपेठेतून जाणार असंच धरून चाला. चौपदरीवरून ऐंशीच्या वेगाने आलेल्या गाड्या इथे एकेरी रांगेत शिरतात. त्यातच पुण्याकडून ताम्हिणी उतरून निजामपूरमार्गे आलेल्या गाड्या मिसळतात, आणि म्हसळा, श्रीवर्धन, दिवेआगरकडे वळणाऱ्या गाड्या मोर्बा रस्त्यासाठी महामार्ग ओलांडतात. एसटी स्टँड, सहा आसनी रिक्षा, भाजीचे टेम्पो हे सगळंही तिथेच. एवढं असूनही रांग पुढे सरकत असते. ती थांबते ती "दुसऱ्या ओळी"मुळे. रांगेतला एखादा बाहेर निघून उजवीकडून पुढे जातो, त्याच्या मागे दहा जण जातात, समोरून एसटी येते, आणि आता कुणालाच मागे जाता येत नाही. हवालदार येऊन एकेकाला आत घालेपर्यंत अर्धा तास गेलेला असतो. तेव्हा डावी ओळ सोडू नका. उजवीकडून गेलेला बहुतेक वेळा दोनशे मीटरवर तुमच्यापुढेच अडकलेला दिसतो.

मुंबईहून जाणाऱ्यांचा हिशेब असा. शनिवारी किंवा जोडून सुट्टीच्या पहिल्या दिवशी माणगाव सकाळी सातच्या आत ओलांडायचं. पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यापासून माणगाव साधारण ९३ किलोमीटर. पहाटे मोकळ्या रस्त्याला दोन तास धरा आणि चहा, लघवी, डिझेलसाठी पंधरा-वीस मिनिटं वेगळी. म्हणजे पळस्प्याला साडेचारला असायला हवं. दादरहून पळस्पे तासाभराचं, म्हणून साडेतीनला गाडी सुरू. बोरिवली-कांदिवलीवाल्यांनी तीन. ठाणेकरांनी शिळफाट्याचा मोह टाळावा. रात्री आणि पहाटे तिथे कंटेनर-ट्रेलरचंच राज्य असतं. ऐरोलीवरून किंवा ठाणे-बेलापूर रस्त्याने पनवेल गाठणं बरं. दक्षिण मुंबईतल्यांसाठी शिवडीहून अटल सेतू आहे. २०२४ च्या जानेवारीत सुरू झालेल्या या २१.८ किलोमीटरच्या पुलाने वाशीचा खाडीपूल टळतो. पहाटे त्याचा फारसा फरक पडत नाही, खरा उपयोग येताना रविवारी संध्याकाळी होतो. टोल मात्र एका बाजूचाच २५० रुपये आहे, आणि दुचाकीला पुलावर प्रवेश नाही.

रात्री जेवून दहाला निघण्याची पद्धत आहे, पण ती इथे सुचवत नाही. शुक्रवारी रात्री नऊ ते अकराच्या दरम्यान सगळ्या खाजगी बसेस सुटतात आणि साधारण बारा ते तीनमध्ये त्याच माणगावातून जातात. शिवाय काम चालू असलेल्या भागात एका बाजूचा रस्ता अचानक संपतो, डायव्हर्जनचे फलक अंधारात उशिरा दिसतात आणि समोरच्याच्या अप्पर लाइटने दुभाजक दिसत नाही. गणपतीत महामार्गावर अवजड वाहनांना बंदी असते, तशी मेमध्ये असेल असं गृहीत धरू नका. रात्री नऊला झोपून तीनला उठणं हाच बरा मार्ग. गाडी चालवणाऱ्याने डबे भरायचे नाहीत, सामान लावायचं नाही, फक्त झोपायचं, हे घरात आधीच सांगून ठेवा.

उशीर झाला आणि सकाळी आठलाही पनवेलमध्येच आहात, तर? घाई करून उपयोग नाही. साडेआठ ते साडेबारा हा माणगावचा सगळ्यात वाईट काळ आणि तुम्ही नेमके त्यात पोहोचाल. अशा वेळी द्रुतगती मार्गाने खोपोलीला उतरून खोपोली-पाली-वाकण हा रस्ता धरता येतो. पेण, वडखळ, नागोठणे टळतं आणि तुम्ही वाकण फाट्यावर महामार्गाला लागता. त्याहून पुढचा पर्याय म्हणजे पालीहून रवाळजेमार्गे निजामपूरच्या रस्त्याला लागायचं आणि बाजूने माणगावात उतरायचं. यात कोलाड आणि इंदापूर चुकतं, माणगाव चुकत नाही. ते नीट समजूनच वळा. मुरूडला जाणाऱ्यांनी वाकणहून भिसे खिंडीतून रोहा गाठावं, त्यांना माणगावशी देणंघेणंच नाही. यातलं काहीच जमत नसेल तर पालीला बल्लाळेश्वराचं दर्शन घ्या, तिथेच जेवा आणि माणगावात दुपारी दोननंतर शिरा.

माणगावच्या पुढे सुख आहे. कशेडी घाटाला बोगदा झाल्यापासून पोलादपूर-खेड हा टप्पा पूर्वीसारखा जीव खात नाही. चिपळूणला बहादूरशेख नाका, पुढे संगमेश्वर, हातखंबा, लांजा इथे पुलांची आणि रस्त्याची कामं चालत आलीत. प्रत्येक ठिकाणी दहा-वीस मिनिटं हाताशी ठेवा. राजापूरनंतर सिंधुदुर्गात रस्ता असा आहे की झोप येते. मालवण-वेंगुर्ल्याला जाणाऱ्यांनी सगळ्यात जास्त सावध तिथेच राहायला हवं. सकाळी तीनला निघालेल्या माणसाला दुपारी बाराच्या उन्हात, सरळ रस्त्यावर डुलकी लागते. कणकवलीच्या आधी गाडी बदलत्या हातात द्या किंवा वीस मिनिटं सीट मागे टाकून पडा.

पुणेकरांना तीन दारं आहेत आणि कुठल्या गावाला जायचंय त्यावर दार ठरतं. दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, दापोली यांसाठी ताम्हिणी. चांदणी चौक सोडल्यावर भूगाव, भुकूम, पिरंगुट हा पट्टा सकाळी साडेसहाच्या आत मागे टाकायचा. शनिवारी सातनंतर तिथे मुळशीला फिरायला निघालेले, कंपन्यांच्या बसेस आणि शाळा-क्लासवाले एकत्र येतात. चांदणी चौकात साडेपाच, विळ्याला साडेसात-पावणेआठ, निजामपूरमार्गे माणगावात सव्वाआठ. हे ठीक, पण याहून उशीर नको. मुरूड-काशिदला जायचं असेल तर विळ्यालाच उजवीकडे वळून भागड, सुतारवाडीमार्गे कोलाड आणि तिथून रोहा. दापोलीवाल्यांनी माणगाव ओलांडून सरळ महाडपर्यंत जाण्याची गरज नाही, लोणेरे-गोरेगाव-आंबेत-मंडणगड हा रस्ता जवळचा. आंबेतच्या पुलाची कामं अधूनमधून निघतात, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी मुक्कामाच्या घरी फोन करून "आंबेतवरून येऊ ना?" एवढं विचारा. होमस्टेवाल्याला त्या दिवशीचा रस्ता नकाशापेक्षा चांगला माहीत असतो.

गुहागर-चिपळूणसाठी दुसरं दार: सातारा, उंब्रज, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट. अंतर ताम्हिणीमार्गापेक्षा थोडं जास्त पडतं, पण माणगाव नाही आणि महाडही नाही. तिसरं दार त्याहून खालच्या घाटांचं: रत्नागिरी-गणपतीपुळ्यासाठी कराडहून मलकापूर आणि आंबा घाट, राजापूरसाठी अणुस्कुरा, कणकवली-मालवणसाठी कोल्हापूर-राधानगरी-फोंडा घाट, सावंतवाडी-वेंगुर्ल्यासाठी आंबोली. या सगळ्यांत अडचण एकच, ती सुरुवातीला: नवले पूल, खेड-शिवापूरचा टोल आणि खंबाटकीची चढण. साताऱ्याकडे जाताना घाट चढावा लागतो, येताना बोगदा मिळतो. सुट्टीच्या सकाळी चढणीवर एक ट्रक गरम होऊन उभा राहिला की मागे किलोमीटरभर रांग. खंबाटकी साडेसहाच्या आत चढा, म्हणजे पुण्यातून पाचला बाहेर. सातारा-कोल्हापूरदरम्यान सहापदरीकरणाची कामं दिसतील, तिथे अर्धा तास जास्तीचा धरा. वरंधा घाट नकाशावर आकर्षक दिसतो, पण तो कामासाठी किंवा दरडीसाठी बंद असल्याचं वारंवार होतं. चौकशीशिवाय भोरला वळू नये.

आता समुद्राची वाट. अलिबागला जाणाऱ्या मुंबईकराने वडखळच्या रांगेत का बसावं, हे कोडंच आहे. वडखळ नाक्यापासून अलिबाग पंचवीस किलोमीटरच्या आत, पण रस्ता दुपदरी. पेझारी, पोयनाड, कार्लेखिंड इथे शनिवारी सकाळी एकेक तास जातो. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट गाडीसकट नेते, साधारण एका तासात. मांडव्याहून अलिबाग वीस किलोमीटर. मे महिन्याच्या शनिवार सकाळच्या आणि रविवार संध्याकाळच्या फेऱ्या सगळ्यात आधी भरतात, म्हणून हॉटेलच्या आधी बोट काढा, आणि जाण्याची-येण्याची एकदमच. गाडीचा प्रकार बरोबर निवडा. हॅचबॅकचं तिकीट काढून मोठी एसयूव्ही आणली की धक्क्यावर वाद होतो. सुटण्याच्या पाऊण तास आधी पोहोचा. बोटीत गाडी लावल्यावर इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, गिअरमध्ये, आणि अलार्म बंद. डेकच्या कंपनाने अलार्म वाजत राहतात आणि मालक वर वाऱ्यात उभा असतो. दोनच दिवस जायचं असेल आणि लहान मुलं, म्हातारी माणसं नसतील तर गाडी घरीच ठेवावी. गेटवेहून मांडव्याला लाँच आणि कॅटमरान जातात, पुढे अलिबागची बसही मिळते. मात्र या बोटी मेच्या शेवटच्या आठवड्यात पावसाळ्यासाठी बंद होतात. रो-रो पावसाळ्यातही हवामान बघून चालते.

याच वाटेने दिवेआगरलाही जाता येतं आणि महामार्गाला चाकही लावावं लागत नाही. मांडवा, अलिबाग, रेवदंडा, काशिद, मुरूड, आगरदांडा, तिथून जंगलजेट्टीने, म्हणजे गाडीसकट खाडी ओलांडणाऱ्या फेरीबोटीने दिघी, आणि पुढे दिवेआगर. किलोमीटर जास्त, रस्ता वळणाचा, पण वेळ बेभरवशाचा नाही. ज्यांना दिवसभर गाडी चालवायची हौस आहे त्यांनी असंच किनाऱ्याने आणखी खाली जावं: बागमांडला-वेश्वी, मग केळशी-आंजर्ल्याहून दापोली, दाभोळ-धोपावे, गुहागर, तवसाळ-जयगड आणि गणपतीपुळे. प्रत्यक्ष खाडी ओलांडायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. लागतो तो वेळ रांगेत. मेमध्ये दुपारी अकरा ते चार दाभोळला आणि आगरदांड्याला गाड्यांची ओळ लागते, तेव्हा सकाळची पहिली किंवा दुसरी फेरी पकडा. शेवटच्या फेरीची वेळ फोनवर विचारून घ्या आणि तिच्यावर अवलंबून राहू नका. ती चुकली तर वळसा शंभराच्या घरात जाऊ शकतो. पैसे रोख आणि सुटे ठेवा, खाडीकाठी नेटवर्क जातं आणि क्यूआर नुसता फिरत राहतो. ओहोटीला धक्क्याचा उतार जास्त उघडा पडतो आणि शेवाळाने निसरडा असतो. पहिल्या गिअरमध्ये, क्लच न दाबता, सावकाश. कधी गाडी उलटी चढवायला सांगतात. सवय नसेल तर लाजू नका, बोटीवरच्या पोराला खिडकीजवळ उभं करून तो सांगेल तसं स्टिअरिंग फिरवा.

वार बदलता आला तर वरचं निम्मं वाचायचीही गरज नाही. शुक्रवार-रविवारऐवजी सोमवार दुपार ते गुरुवार जा. खोल्याही स्वस्त मिळतात. १ मे शुक्रवारी किंवा सोमवारी आला की ते तीन दिवस सोडून द्या. आणखी एक गोष्ट सहसा कुणी बघत नाही: लग्नाच्या तिथी. मेमध्ये दाट मुहूर्त असलेल्या दिवशी म्हसळा, मंडणगड, गुहागरच्या आतल्या रस्त्यांवर वऱ्हाडाच्या बसेस आणि वरातीच असतात. गावातला रस्ता एकेरी, त्यात बँजो आणि नाचणारी मंडळी. हॉर्न वाजवून काही होत नाही. निघण्याआधी कालनिर्णयच्या पानावर नजर टाका, आणि दाट तिथी असेल तर दुपारी बारा ते दोन आणि संध्याकाळी सहानंतर गावातून जाणं टाळा.

गाडीबद्दल थोडक्यात. टायरची हवा निघण्यापूर्वी, टायर थंड असताना, दरवाजाच्या पट्टीवर भरलेल्या गाडीसाठी दिलेल्या आकड्याइतकी. कूलंट आदल्या दिवशी थंड इंजिनावर बघा, वायपरच्या पाण्यासकट. सीएनजीवाल्यांनी शहरातच भरून निघावं आणि पेट्रोलची टाकी किमान अर्धी ठेवावी. महामार्गावरच्या सीएनजी पंपाची रांग म्हणजे दुसरं माणगाव. फास्टॅगमध्ये हजारभर रुपये असू द्या.

रांगेत गाडी खराब होते ती दोन कारणांनी. पहिलं, चढावर अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवणं. जळका वास आला म्हणजे प्लेट भाजली. हँडब्रेक ओढा, न्यूट्रल करा, पुढची गाडी दोन-तीन गाड्यांइतकी सरकली की मगच एकदा पुढे जा. ड्युअल क्लच ऑटोमॅटिकलाही हेच लागू, इंच-इंच सरकवून तिचा गिअरबॉक्स तापतो. दुसरं, एसी पूर्ण आणि रेडिएटरला वारा नाही. तापमानाचा काटा वर चढू लागला तर एसी बंद करा, हीटर आणि पंखा पूर्ण सोडा. घाम फुटेल, पण इंजिनाची उष्णता बाहेर पडते. काटा उतरत नसेल तर बाजूला घेऊन इंजिन बंद करा, बॉनेट उघडा आणि रेडिएटरच्या झाकणाला अर्धा-पाऊण तास हात लावू नका. घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवून जाऊ नये, ज्या गिअरमध्ये चढलात त्यातच उतरा. महामार्गावर गाडी बंद पडली तर १०३३, अपघात असेल तर ११२.

खाण्याचं गणित वेळेशी बांधलेलं आहे. साडेसात ते दहा या वेळात महामार्गावरच्या प्रसिद्ध हॉटेलांसमोर थांबलात की मिसळ येईपर्यंत चाळीस मिनिटं जातात आणि तेवढ्यात तुमची माणगावची वेळ गेली. दशम्या, चटणी, उकडलेली अंडी, थर्मासमध्ये चहा घ्या, तोंड ओलांडल्यावर झाडाखाली थांबून खा. माणशी दीड-दोन लिटर पाणी. मुलांना वळणावर उलट्या होत असतील तर डॉक्टरांनी दिलेली गोळी घाटाआधी अर्धा तास, घाटात नव्हे. आणि पेणच्या आसपास करवंदं, जांभळं, रायवळ आंबे दिसले म्हणून रस्त्यावरच ब्रेक मारू नका. गाडी पूर्ण खाली उतरवूनच थांबा. निम्मी कोंडी अशाच टोपल्यांसमोर सुरू होते.

नकाशावर रस्ता लाल झाला की अॅप आतले रस्ते सुचवतं. वीस मिनिटांपेक्षा कमी वाचत असतील तर वळू नका. तोच सल्ला मागच्या दोनशे गाड्यांनाही मिळालेला असतो आणि गावातल्या त्या रस्त्यावर दोन गाड्या समोरासमोर आल्या तर एकाला शेतात उतरावं लागतं. ताम्हिणीत आणि किनाऱ्याला नेटवर्क जातं, म्हणून रायगड-रत्नागिरीचा नकाशा घरीच डाउनलोड करून ठेवा.

परतीची कोंडी जाण्यापेक्षा वाईट, कारण तिच्यामागे चेक-आउटची वेळ आहे. सगळीकडे दहा-अकराला खोली सोडायची. दिवेआगरहून अकराला निघालेला साडेबाराला माणगावात येतो, दापोलीवाला जेवून तीनला, गणपतीपुळ्याहून निघालेला चार-पाचला, मालवणवाला त्यानंतर. एकावर एक थर चढत जातात आणि रविवारी दुपारी तीनपासून रात्री दहापर्यंत रांग संपत नाही. म्हणून रविवारी निघायचं तर पहाटे पाचला, किंवा सरळ सोमवारी पहाटे चारला निघून परस्पर ऑफिसला. रविवारी सकाळचा समुद्र सोडवत नसेल तर मधला मार्ग: दिवसभर थांबा, संध्याकाळी सातला जेवा, झोपा आणि रात्री दोनला निघा.

यासाठी आदल्या रात्री तीन कामं करावी लागतात. हिशेब चुकता करा आणि नाष्ट्याच्या बदल्यात काही बांधून मिळेल का विचारा. बरेच जण घावन नाहीतर पोहे डब्यात देतात. फाटकाची किल्ली कुणाकडे आहे, ते विचारून घ्या. आणि गाडी तोंड बाहेर करून, सगळ्यात पुढे लावा. नारळाच्या वाडीत गाड्या एकामागे एक लागतात, आणि पहाटे पाचला तुमच्या मागच्या गाडीचा मालक कुठल्या खोलीत झोपलाय हे कुणालाच माहीत नसतं.